अंधाराची तपासणी

गांजाचं झाड पुरेसा अंधार मिळाल्याशिवाय फुलत नाही, ही बाब परवाना खात्याने तत्त्वतः मान्य केली होती. प्रश्न एवढाच उरला होता की अंधार खरोखर झाला आहे हे खात्याच्या वतीने कोणी, आणि कोणत्या उजेडात, पाहायचं.

दोन हजार पाच सालची गोष्ट. इंग्लंडात मिल्टन कीन्सच्या बाहेर, कुठल्याशा राउंडअबाउटच्या, म्हणजे गोल चौकाच्या पलीकडे, पाटी नसलेली एक शेड होती. जागा गुप्त ठेवावी अशी परवान्याची अट होती. मिल्टन कीन्समधले सगळे राउंडअबाउट सारखेच दिसत असल्यामुळे त्यासाठी कंपनीला वेगळं काही करावं लागलं नाही. या शेडमध्ये औषधासाठी, सरकारच्या पूर्ण संमतीने, गांजा पिकवायचा होता. त्यासाठी राहुरीला शेतकी शिकलेला सुश्रुत नगरकर वर्क परमिटवर आणला होता. काम चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याची बायको वैभवी मंडळाच्या कार्यक्रमांत "तो आयटीत आहे" असं सांगे. तिथल्या मराठी माणसांत एवढं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

सुश्रुतचं परमिट वसंत ऋतूत संपत होतं. कंपनीने त्याला स्वच्छ सांगितलं होतं की पीक फुललं तर मुदतवाढीच्या अर्जावर सही, नाही फुललं तर आम्ही तुमचे आभारी आहोत. इकडे वैभवी बऱ्याच आपटाआपटीनंतर ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली होती. ज्या गावात दूध आणायलाही गाडी काढावी लागते, तिथे तिला आता कुठे मोकळं वाटायला लागलं होतं.

"सुश्रुत, फुलव रे बाबा ती झाडं," ती म्हणाली. "मी परत जाऊन आईच्या मागे स्कूटीवर बसणार नाहीये."

झाडाचं म्हणणं तसं फार नव्हतं. लहान असताना त्याला दिवसाचा बराच वेळ लख्ख दिवे लागतात आणि ते नुसती पानं काढतं. मग दिवे बारा तासांवर आणायचे, उरलेले बारा तास काळोख. झाडाला वाटतं, झालं, उन्हाळा सरला, आता घाई करायला हवी. पहिले काही दिवस ते विचार करतं. मग एकदम ताडमाड वाढू लागतं, बघता बघता उंची दुप्पट होते, आणि पानांच्या बेचक्यांत पांढऱ्या तंतूंच्या जोड्या डोकावतात. अट एकच, काळोखात व्यत्यय नको. उजेडाची तिरीप जरी वरचेवर आत आली, तरी त्याला वाटतं अजून भरपूर वेळ आहे, आणि ते निवांतपणे पुन्हा पानं काढत बसतं. या स्वभावाची बरीच मंडळी सुश्रुतने होस्टेलवर पाहिली होती.

खातं संध्याकाळी पाचला बंद होत असल्यामुळे झाडांची रात्र सकाळी नऊला सुरू करावी, असं पत्रव्यवहाराने ठरलं होतं. त्याप्रमाणे ऑक्टोबरातल्या एका दुपारी, झाडांच्या मध्यरात्री, निरीक्षक लीलावती टिपणीस आल्या. बाई तरुणपणी दादरहून लंडनमधल्या ईलिंगला आलेल्या आणि तेव्हापासून सरकारी नोकरीत. त्यांनी इंग्रजांना नियम पाळायला शिकवलं असं त्यांच्या ऑफिसात म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत.

"तुम्ही मराठी?" सुश्रुतला भरून आलं. "या ना मावशी, चहा टाकतो."

"साइटवर मॅडम. ईलिंगला घरी याल तेव्हा मावशी. अंधार कुठे आहे?"

"आत आहे. दार बंद केलंय."

"मग तो मला दिसणार कसा?"

"मॅडम, तो दिसत नाही. तेवढाच तर त्याचा गुण आहे."

"अहो, लायसन्समध्ये क्लिअरली लिहिलंय, अंधाराची समक्ष पाहणी करावी. समक्ष म्हणजे आत जाऊन. आणि आत माणूस असताना हेल्थ अँड सेफ्टीप्रमाणे दिवा चालू पाहिजे. मी ठेचकाळून पडले तर रिस्पॉन्सिबल कोण, झाड?"

दार उघडलं. दिवे लावले. बाईंनी कोपऱ्या-कोपऱ्यातून हिंडून कसून तपासणी केली आणि शेरा मारला, 'अंधार आढळून आला नाही.'

ही त्रुटी गंभीर होती. तिच्यावर समिती बसली. आठवड्याची तपासणी रोजची झाली. रोज येणाऱ्या बाईंच्या सुरक्षिततेसाठी एक सहकारी नेमला, सहकाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी त्याला चमकणारं पिवळं जाकीट दिलं, आणि दोघांना आपत्काळी बाहेर पडता यावं म्हणून दारावर कायम जळणारा हिरवा दिवा बसवला. झाडं खुशीत पानं काढत राहिली. फुलं का येत नाहीत, असं खात्याने विचारलं तेव्हा सुश्रुतने एका शब्दात कळवलं, 'उजेड.' खात्याने तक्रारीची तातडीने दखल घेतली आणि अंधारात नेमका किती उजेड आहे हे शोधायला मोठा टॉर्च घेतलेला तिसरा अधिकारी पाठवला.

"ते लोक नसतील तेव्हा कर ना," वैभवी रडवेली होऊन म्हणाली.

"ते कधी नसतात?"

दोघांनीही एकाच वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

नाताळात ब्रिटनमध्ये सरकार नावाची वस्तू सापडत नाही. त्यात टिपणीसबाईंची बरीच रजा वाया जाणार होती, ती त्यांनी नाताळाला जोडली. हे पाहून जाकीटवाल्याने आणि टॉर्चवाल्यानेही जोडली. सुश्रुतने हिरव्या दिव्यावर वैभवीची लोकरी टोपी चढवली, दार लावलं आणि घरी आला. दिव्यांच्या वेळी जाऊन तो पाणी घालून येई. काळोखाच्या वेळी मात्र घरभर येरझाऱ्या घाली.

"एकदाच जाऊन बघून येतो," तो म्हणे.

"बस खाली," वैभवी म्हणे, आणि गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकी.

सरकार रजेवर गेलं आणि झाडं फुलली. एका रात्री, दिवे लागल्यावर, सुश्रुतने दार उघडलं तर कालपर्यंत कमरेला लागणारी झाडं छातीला आली होती आणि प्रत्येक बेचक्यातून पांढरे तंतू बाहेर पडले होते. त्याने वैभवीला फोन केला, पण त्याला बोलता येईना. काहीतरी वाईट झालं असं समजून ती गाडी दामटत आली, आणि मग दोघं तिथेच खतांच्या पोत्यांवर बसून वेड्यासारखी हसली.

जानेवारीत खातं परतलं. बाईंनी झाडांकडे वर मान करून पाहिलं.

"ही वाढलीत," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम! फुलायला लागली की वाढतातच."

"लायसन्स एक मीटरचं आहे. त्याच्या वरचं झाड बेकायदेशीर आहे. एक्स्ट्रा उंचीसाठी अर्ज करा, डिसिजनला आठ आठवडे लागतील. तोवर वाढ स्थगित."

"मी कशी स्थगित करू?"

"झाडांना नोटीस द्या."

नोटीस दिली. सुश्रुतने ती सर्व अधिकाऱ्यांच्या समक्ष मोठ्याने वाचून दाखवली. झाडांनी मुदतीत लेखी हरकत घेतली नाही, सबब ती त्यांना मान्य असल्याची नोंद झाली, आणि झाडं वाढत राहिली.

पीक फुलल्यामुळे कंपनीने शब्द पाळला आणि मुदतवाढीच्या अर्जावर सही केली. अर्जात विचारलं होतं, 'हे यश मिळवण्यासाठी आपण नेमकं काय केलं?' सुश्रुतने खरं ते लिहिलं. 'काही नाही. झाडांना त्यांच्यापाशी सोडलं.' वर्क परमिटच्या ऑफिसातून अर्ज परत आला. काहीही न करण्यासाठी युरोपबाहेरून माणूस आणण्याची गरज सिद्ध होत नाही, हे काम स्थानिक उमेदवारही समर्थपणे करू शकेल, असा त्यावर शेरा होता.

रविवारी वैभवीने त्याला गाडीत घातलं आणि थेट ईलिंगला नेलं.

"या या," लीलावतीमावशींनी दार उघडलं. साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवत त्यांनी अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला. "अहो, खरं कशाला लिहिलंत? ऑफिसात तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार? घ्या पेन. लिहा. 'बहुस्तरीय अंधार व्यवस्थापनाची नियोजनबद्ध अंमलबजावणी, खात्याच्या अखंड देखरेखीखाली.'"

"पण मावशी, देखरेख नव्हती म्हणूनच तर—"

"खिचडी घ्या अजून."

परमिट वाढलं. एवढंच नाही, तर अंधाराचं व्यवस्थापन जाणणारा माणूस देशात दुसरा नाही हे खात्याच्या लक्षात आलं. लीलावतीबाई निवृत्त झाल्या, तेव्हा कंपनीकडून सुश्रुतची सेवा उसनी घेऊन त्याला अंधार सल्लागार नेमलं. सोबत जाकीट आणि टॉर्च. वैभवी आता मंडळात उजळ माथ्याने सांगते, "तो गव्हर्नमेंटला अॅडव्हाइस करतो."

पहिल्याच दिवशी त्याला दुसऱ्या एका कंपनीच्या शेडवर पाठवलं. दाराशी नागपूरहून आलेली अक्षया नावाची मुलगी हात जोडून उभी होती. "सर, प्लीज. आत्ता कुठे फुलायला लागलीत. दार नका ना उघडू."

सुश्रुतला तिची खरोखर कणव आली. म्हणून त्याने टॉर्च अगदी थोडाच वेळ लावला.

तुम्हाला त्याचा राग आला असेल, आणि यायलाच हवा. पण आता जरा शेजारच्या खोलीकडे बघा. तिथे तुमची मुलगी दार लावून अभ्यासाला बसली आहे. ही गोष्ट वाचता वाचता तुम्ही उठून, दार किलकिलं करून, "काय गं, चाललाय ना अभ्यास?" असं विचारून आलातच. ती अजून का फुलत नाही, याबद्दलचा आपला शेरा काय आहे?