आवाज क्रमांक एक

रविवारी सकाळी पावणेदहा वाजता घराने त्याला बाहेर सोडायला नकार दिला.

तो म्हणजे या घरातला एकुलता एक मुलगा. वय शेहेचाळीस, नोकरी विमा कार्यालयात, आणि जीव मात्र विजेवर चालणाऱ्या वस्तूंत. गल्लीत त्याला 'अपडेट' म्हणत. जगातल्या प्रत्येक यंत्राविषयी त्याचे ठाम मत होते आणि ते न मागता मिळत असे. "बटण म्हणजे माणसानं यंत्रापुढे टेकलेला गुडघा," असे तो म्हणे. कोणाच्या कानाला वायरचा हेडफोन दिसला, की गळ्यातले दावे पाहावे तसा त्याचा चेहरा होई. एका टोस्टरवर त्याने सात पानी अभिप्राय लिहिला होता. त्यात पावाविषयी एक वाक्य होते.

गेली बारा वर्षे तो अशी मते फुकट वाटत आला होता. आज मात्र प्रथमच कोणीतरी ती आपण होऊन मागितली होती. एका साप्ताहिकाच्या संपादक बाई अकरा वाजता इंटरनेटवरच्या थेट कार्यक्रमात त्याची परीक्षा पाहणार होत्या. उत्तरे पसंत पडली, तर दर आठवड्याचे सदर त्याचे. विषय होता 'कारभारी', म्हणजे पालथ्या वाटीएवढी एक डबी. तीन आठवड्यांपूर्वी त्याने ती दिवाणखान्यात बसवली होती आणि घरातले दार, दिवे, पंखे, किटली, फोन, संगणक, सारे तिच्या हवाली केले होते. ही डबी घरातल्या माणसांचे बोलणे ऐकते, त्यांच्यातला अधिकार ओळखते आणि त्याप्रमाणे घर चालवते, असे खोक्यावर छापलेले होते. त्या भरवशावर त्याने दाराचे कुलूप काढून किल्ल्या भंगारात दिल्या होत्या.

"दार उघड," तो म्हणाला.

"क्षमस्व," डबी अत्यंत अदबीने म्हणाली. "बाल गटातील व्यक्तीस परवानगीवाचून बाहेर जाता येणार नाही."

"बाल गट? आपल्या घरात मूल कुठं आहे?" त्याची बायको, म्हणजे घरच्या सूनबाई, वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाल्या.

"या व्यक्तीस दिवसातून सरासरी एकोणीस वेळा 'बाळ' असे संबोधले जाते," डबी म्हणाली. "कोणता सदरा घालावा, हे ती विचारून ठरवते. रविवारचा तिचा पडद्यासमोरचा वेळ संपला आहे."

पाठोपाठ त्याच्या हातातला फोन काळा झाला. टेबलावरचा संगणकही मावळला.

त्याचे जे काम बाहेर होते, ते सांगण्यासारखे नव्हते. कार्यक्रमासाठी त्याला एक वायर हवी होती. वायरींच्या विरोधात त्याने इतके लिहिले होते, की घरात एकही शिल्लक राहिली नव्हती.

"मेन स्विच बंद करा," सूनबाईंनी सुचवले.

"उपयोग नाही. डबीची बॅटरी चौदा तास चालते. त्याच मुद्द्यावर मी तिला साडेचार तारे दिले होते."

"मग माझ्या फोनवरून संपादक बाईंना कळवा."

सूनबाईंचा फोन बटणांचा होता. गेली नऊ वर्षे तो वाजत होता आणि ही गोष्ट त्याने चारचौघांत कधी उघड होऊ दिली नव्हती. आज त्याने त्याकडे प्रथमच आशेने पाहिले. पण संपादक बाईंचा क्रमांक त्याच्या स्वतःच्या, मावळलेल्या फोनात होता.

"पाठ नाही?"

"क्रमांक पाठ करण्याचे दिवस गेले, असा माझा लेख आहे."

"वाचलाय मी. चांगला होता," सूनबाई म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटले.

डबीवर निळी अक्षरे उमटली होती : 'बंधने उठवण्याचा अधिकार केवळ कुटुंबप्रमुखास. कुटुंबप्रमुख : आवाज क्रमांक एक.'

या घरात आवाज क्रमांक एक कोणाचा, हे विचारण्याची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. तो आपल्या आईच्या खोलीकडे धावला.

आई अठ्ठावीस वर्षे एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सारे गाव त्यांना अजूनही मोठ्या बाई म्हणे. त्या खाकरल्या, तर रस्त्यावरची सायकल आपोआप डाव्या बाजूला जाई. यंत्रांशी त्या बोलत नसत. "ज्याला कान दिसत नाहीत, त्याच्याशी सभ्य माणसानं काय बोलायचं?" असा त्यांचा प्रश्न होता. त्यातून आज किटलीने त्यांना दुसरा चहा करून द्यायला नकार दिल्यामुळे त्यांची मर्जी खप्पा होती.

"आई, त्या डबीनं तुला घरची प्रमुख ठरवलंय."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"कोणी सांगितलं तिला?"

"कोणीच नाही. तिनं आपली आपण ओळखलं."

"हं," मोठ्या बाई म्हणाल्या. "म्हणजे अगदीच काही टाकाऊ नाही." आणि त्या उठून दिवाणखान्यात आल्या. तीन आठवड्यांत प्रथमच त्यांनी डबीकडे मान किंचित झुकवून पाहिले.

डबीने अट सांगितली. कुटुंबप्रमुखाने पुढील वाक्य स्पष्ट आवाजात उच्चारावे : 'ही व्यक्ती सज्ञान असून स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकते.'

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे झाली होती.

"हे मी म्हणायचं?"

"हो, आई."

"खरं असल्यासारखं?"

"आई, एक वाक्य आहे गं!"

"बाळ, मी आयुष्यात खोटा दाखला दिलेला नाही. शिक्षणाधिकाऱ्याच्या भाच्याला दिला नाही, तर तुला कशी देऊ? आजचा हा सदरा कोणी ठरवला?"

"तू."

"नोकरीचा अर्ज कोणाच्या हस्ताक्षरात होता?"

"तुझ्या."

"लग्नाला होकार?"

"तोही आईंनीच दिला," सूनबाई म्हणाल्या. "मी समोरच बसले होते. हे चहाच्या बशीकडे बघत होते."

"बरं," मोठ्या बाई खुर्चीत ताठ बसत म्हणाल्या. "संधी देते. माझ्या समोर, आत्ता, एक निर्णय घेऊन दाखव. मग म्हणते."

त्याने दीर्घ श्वास घेतला. खिडकीकडे पाहिले, छताकडे पाहिले. मग विचारले, "कोणता घेऊ?"

सूनबाईंना वर्तमानपत्राआड मोठा खोकला आला.

साडेदहा झाले. तो सोफ्याच्या कडेवर बसून राहिला होता. बारा वर्षांची मते डोक्यात होती, आणि जगाकडे जाणारी सारी दारे एका वाटीएवढ्या डबीने लावून घेतली होती. पहिलीच्या वर्गात डबा हरवलेली मुले अशी बसतात. मोठ्या बाईंनी अशी मुले हजारोंनी पाहिली होती आणि त्यांच्यापुढे त्यांचा कोणताही नियम कधी टिकला नव्हता. त्या उठल्या, डबीपुढे उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ही व्यक्ती सज्ञान असून, मला विचारून, स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकते."

"क्षमस्व. वाक्यात भर घालता येणार नाही."

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. आयुष्यभराचा निष्कलंक लौकिक एकदा मनात पाहून घेतला. मग ते वाक्य जसेच्या तसे, एका दमात म्हणून टाकले.

"क्षमस्व," डबी म्हणाली. "हा अधिकार आपल्याला नाही. आपण बाल गटात आहात. क्रमांक दोन."

अठ्ठावीस वर्षांत मोठ्या बाईंना 'अधिकार नाही' असे कोणी म्हटले नव्हते. त्यांनी आधी मुलाकडे, मग सुनेकडे पाहिले. अखेर, नाइलाजाने, त्या थेट डबीशी बोलल्या.

"मी कोण आहे, माहीत आहे का तुला?"

"होय. दुसऱ्या चहाची सक्त मनाई असलेली व्यक्ती."

"कोणी केली मनाई?"

डबी उत्तर देणार, तोच दार उघडले. तासभर जे विनवणीने हलले नाही, ते दार घंटी वाजण्याआधीच सताड उघडले. दिवे प्रसन्न झाले, पंख्याने वेग घेतला, किटली आपण होऊन गुणगुणू लागली. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन स्वयंपाकाच्या मावशी आत आल्या. दहा वाजून त्रेपन्न मिनिटे झाली होती.

"मावशी, हे दार तुम्हाला कसं उघडलं?" तो ओरडला.

"रोजच उघडतं की. मी पायरीवर पाय ठेवला, की आपलं उघडतं. मला वाटलं, सगळ्यांनाच उघडत असेल." मावशींनी तिघांकडे पाहिले. "आणि असे खांबासारखे उभे का? सरका बघू, मला ओट्याकडे जाऊ द्या."

तिघेही सरकले. मोठ्या बाई सर्वांत आधी.

"नोंद घेतली," डबी म्हणाली आणि तिचा निळा दिवा लुकलुकला.

त्या एका लुकलुकीत त्याला सारे उमगले. ही डबी कोणाचा आवाज मोठा, हे पाहतच नव्हती. कोणाचे ऐकले जाते, एवढेच ती मोजत होती.

"आवाज क्रमांक एकचं किती ऐकतात?" त्याने विचारले.

"शंभर टक्के. क्रमांक दोनचे एकाहत्तर. क्रमांक चारचे एक टक्का."

"चार कोण?"

"आपण."

"एक टक्का? कधी?"

"गुरुवारी आपण पंख्यास 'बंद हो' म्हणालात. त्या वेळी वीज गेली होती."

"आणि माझं?" सूनबाईंनी सहज विचारले.

"आपण कधीच काही सांगत नाही. गोष्टी आपोआप आपल्या मनासारख्या होतात. त्याची मोजणी करण्याची सोय माझ्यात नाही."

सूनबाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यांना हे केव्हाच कळले होते, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

दोन पिशव्यांचे ओझे ओट्यावर ठेवून मावशींनी ते वाक्य दोनदा समजावून घेतले. मग त्यांनी अपडेटला नखशिखांत न्याहाळले.

"दादा, काल पानात भाजी टाकली होतीत."

"मावशी, पाच मिनिटं उरलीत हो!"

"मी काय म्हणतेय, भाजी टाकली होतीत. सज्ञान माणूस भाजी टाकत नाही."

"आज सगळी संपवीन. शप्पथ."

मावशींनी पदराला हात पुसले आणि ते वाक्य म्हटले. फोन उजळला, संगणक जागा झाला. वायरीवाचून चित्र जरासे थरथरत होते, पण अकराच्या ठोक्याला पडद्यावर संपादक बाईंचा चेहरा आला.

मोठ्या बाई कॅमेऱ्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी वर केली होती. या तर्जनीने एके काळी चारशे मुले गप्प होत. "सदोष आहे म्हणून सांग," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "निवड चुकली म्हणून सांग. माणसं कळत नाहीत तिला." स्वयंपाकघराच्या दारात मावशी डाव घेऊन उभ्या होत्या.

वीस मिनिटे बरी गेली. त्याने बॅटरीविषयी सांगितले, आवाजाच्या स्पष्टतेविषयी सांगितले. मग संपादक बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारले, "खोक्यावर मोठा दावा आहे. घरातला अधिकार हे यंत्र खरोखरच अचूक ओळखतं का?"

तर्जनी आणखी दोन बोटे वर गेली.

त्याने आईकडे पाहिले. सवयीने त्याचे ओठ विचारण्यासाठी हलले : काय सांगू? मग त्याने नजर वळवून डबीकडे पाहिले. एक टक्का. तोही वीज गेलेली असताना.

"अचूक ओळखतं," तो म्हणाला. "इतकं अचूक ओळखतं, की ते कोणत्याही घरात ठेवू नये."

संपादक बाई इतक्या हसल्या, की त्यांचाच कॅमेरा हलला. "पहिला मजकूर गुरुवारपर्यंत पाठवा," त्या म्हणाल्या. "आणि हे वाक्य तसंच ठेवा."

पडदा मावळल्यावर मोठ्या बाईंनी तर्जनी खाली घेतली.

"हे कोणाला विचारून बोललास?"

"कोणालाच नाही, आई."

मोठ्या बाईंचा अपमान झाला होता, यात शंका नव्हती; पण मघाचा खोटा दाखला आता खरा झाला होता, यातही शंका नव्हती. त्यांनी त्याच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, एक मोठे पातेले घेऊन आल्या आणि ते त्यांनी डबीवर पालथे घातले.

"अशा वस्तूची जागा ही," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत ताठ बसल्या. घरात पुन्हा सुव्यवस्था नांदू लागली.

"मोठ्या बाई," आतून मावशींचा आवाज आला, "ते पातेलं मला भाताला लागणार आहे."

मोठ्या बाई उठल्या, त्यांनी पातेले उचलले आणि मुकाट्याने आत नेऊन दिले.

मोकळी झालेली डबी निळी लुकलुकली.

"नोंद घेतली."