चौकटीतला चोर

पुस्तक न खेळताही त्याची समीक्षा लिहिता येते, यावर समीक्षकाचा ठाम विश्वास होता. इतका ठाम, की तो विश्वास त्याने स्वतःही कधी तपासून पाहिला नव्हता.

ही पुस्तकं म्हणजे कथा-कादंबऱ्या नव्हेत. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे, असा एक खेळ असतो. त्या खेळाच्या मोहिमांची ही पुस्तकं. किल्ले, गुहा, खजिने, चोऱ्या, असा सगळा मालमसाला त्यांत असतो. समीक्षक दिवसा इमारतींच्या लिफ्ट तपासायचा आणि महिन्यातून एकदा एका छोट्या मासिकात अशा मोहिमांना दहापैकी गुण द्यायचा. सहा वर्षं त्याचं सदर चाललं होतं. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाला ते एक पान म्हणजे गच्ची होती.

"मला पानं नुसती चाळली की कळतं," तो बायकोला सांगायचा. "आणि प्रस्तावना तर मी उघडतच नाही. ती नवशिक्यांसाठी असते."

"लिफ्टमध्ये न बसता तू सही करतोस का रे?" बायको विचारायची. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि तारीख वाचल्याशिवाय खोकल्याची गोळीसुद्धा हातात घ्यायची नाही.

"लिफ्टची गोष्ट वेगळी. लिफ्टमध्ये माणसं अडकतात."

आणि मग समीक्षकच अडकला. मागच्या महिन्यात त्याने एका जहाजावरच्या मोहिमेला झोडपून काढलं होतं. दुसऱ्याच प्रकरणात कप्तानाला मारून लेखकाने मोहिमेतली हवाच काढून घेतली, असं त्याने ऐटीत लिहिलं. कप्तान मेलाच नव्हता. त्याला तसं स्वप्न पडलं होतं, आणि ते पुढच्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. सतरा वाचकांची पत्रं आली. मासिकाला एकदम इतकी पत्रं कधी आली नव्हती.

संपादकबाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी फोन केला आणि नमस्कारसुद्धा म्हणाल्या नाहीत.

"या वेळची मोहीम खऱ्या माणसांना घेऊन खेळा. कोण कोण खेळलं ते खाली लिहा. रविवारी दुपारी बारापर्यंत मजकूर हवाय. परत घोळ झाला तर तुमचं पान शब्दकोड्याला देऊन टाकते."

शब्दकोड्याला! समीक्षकाच्या जिव्हारी लागलं. एखाद्या मोठ्या समीक्षकाला दिलं असतं तर त्याने मन मोठं केलं असतं.

आता खेळाडू कुठून आणायचे? जुन्या मंडळींपैकी एक जण परदेशी गेला होता, एकीला जुळी झाली होती, आणि तिसऱ्याने स्वतः लिहिलेल्या मोहिमेला समीक्षकाकडून दहापैकी चार गुण मिळाल्यापासून बोलणं टाकलं होतं. राहता राहिली घरची माणसं. बायको तर होतीच. मेहुणा नळाची कामं करायचा. तो शनिवारी दुपारी मोरीचा नळ दुरुस्त करायला आला होता, त्याला पान्यासकट टेबलाशी बसवलं. आणि वरच्या मजल्यावरून सासूबाई खाली आल्या. तेहतीस वर्षं शाळेत काढलेल्या, शेवटची अकरा मुख्याध्यापिका म्हणून. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. खुर्च्या सरकल्याचा आवाज ऐकून त्या आल्या होत्या.

पुस्तकाचं नाव होतं 'खिंडीतली खानावळ'. लेखिका नवी, पहिलंच पुस्तक. गावाची धोक्याची घंटा चोरीला गेलेली असते, बर्फामुळे वाट बंद होते, आणि चोर खानावळीत अडकलेल्यांपैकीच कुणीतरी असतो. समीक्षकाने सवयीप्रमाणे पुस्तक चाळलं होतं, आणि चाळता चाळता त्याला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला होता. या बाईने पहिल्याच चौकटीत चोर सांगून टाकला होता!

चौकटीचं असं असतं, की मोहिमेच्या पुस्तकात काही मजकूर चौकटीत छापतात. तो खेळ चालवणाऱ्याने खेळाडूंना मोठ्याने वाचून दाखवायचा. बाकीचा मजकूर गुपित, तो स्वतःजवळ ठेवायचा. जगभर अशीच पद्धत. 'चोर पहिल्या पानावर, वाचक दुसऱ्या पुस्तकावर' हे वाक्य त्याने खेळाआधीच लिहूनही ठेवलं होतं. दहापैकी दोन. नियम म्हणून एकदा खेळायचं, की झालं.

खेळाडूंनी आपापली माणसं निवडली. बायको झाली खिसेकापू. मेहुणा झाला जादूगार. सासूबाईंना समीक्षकाने प्रेमळ वैदूबाई सुचवली. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि कुऱ्हाडवाली घेतली.

"आई, ती फार आडदांड आहे," समीक्षक म्हणाला.

"असू दे. आयुष्यभर छडी न वापरता काम केलंय."

समीक्षकाने घसा साफ केला आणि चौकट वाचली. "खानावळीचा मालक हसतमुखाने दारात उभा आहे. घंटा त्यानेच चोरली असून ती पिठाच्या कोठीत लपवली आहे."

समीक्षक मनातून खूश झाला. आता हे तिघं वैतागतील, पाच मिनिटांत उठतील, आणि तो समीक्षा पाठवून मोकळा होईल.

"मग उघडा कोठी," मेहुणा म्हणाला. "घंटा काढा, चला घरी. माझा नळ उघडाच राहिलाय."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे असे लकाकले की दोन्ही मुलं नकळत ताठ बसली. "चोर आपल्याला ठाऊक आहे. पण आपल्याला ठाऊक आहे हे चोराला ठाऊक आहे का, जावईबापू?"

"नाही... नसणार."

"छान. मग मी मालकाला विचारते, आज ताजा पाव मिळेल का?"

समीक्षक आता मालक झाला होता. मालक पाव देणार म्हणजे पीठ काढणार, पीठ काढणार म्हणजे कोठी उघडणार. "पीठ संपलंय," त्याने खर्जातला आवाज लावून सांगितलं.

"अरेरे. म्हणजे कोठी रिकामी आहे. मग आमच्या ओल्या घोंगड्या तिच्यात ठेवतो."

"रिकामी नाही! म्हणजे... थोडं पीठ आहे. खराब झालंय."

"ओल आली असेल," मेहुणा पुढे सरसावला. नळाचा तो विसरला होता. "भिंतीतून झिरपतंय बहुतेक. मी जादूने बघू का? पाच मिनिटांचं काम आहे."

"ओल नाही. उंदीर आहेत."

"उंदरांचं औषध आहे माझ्याकडे," बायको म्हणाली. "किती उंदीर आहेत? लहान की मोठे? मात्रा त्याप्रमाणे द्यावी लागते."

समीक्षकाला घाम फुटला. नियमाप्रमाणे त्याने मालकाच्या थापेसाठी वीस बाजूंचा फासा टाकला. त्याला आयुष्यात पहिल्यांदा विसावर वीस पडले, आणि त्या जोरावर त्याने ते उंदीर कसे पाळलेले आहेत, ते किती हळवे आहेत आणि त्यांच्या थोरल्याचं नाव काय, असं सगळं रंगवून सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"थोरल्याची तब्येत कशी आहे?" त्यांनी विचारलं.

बायको हसून हसून टेबलाखाली गेली. मेहुण्याने पान्याने टेबल बडवलं. समीक्षकाला मात्र हसू येईना. तो मालकाची अब्रू वाचवायला असा झटत होता, जणू ती त्याची स्वतःचीच होती.

त्यापुढच्या प्रत्येक खोलीत तेच झालं. वरच्या खोलीतला व्यापारी हा खरा हेर आहे, असं चौकट सांगायची. शेजारची म्हातारी आंधळी नाहीच, असंही चौकटच सांगायची. समीक्षक इमानेइतबारे वाचायचा, आणि हे तिघं सगळं माहीत असताना काहीच माहीत नसल्यासारखे त्या बिचाऱ्यांना चहा विचारायचे. मेहुण्याने आंधळ्या म्हातारीला हात धरून जिन्यावरून चार वेळा खालीवर नेलं. शेवटी तीच म्हणाली, मला दिसतंय रे बाबा, सोड.

मग शेवटची, स्वयंपाकघराची चौकट आली. समीक्षकाने वाचली. "घंटा वाजली की डोंगरावरचा बर्फ कोसळतो. मालकाचा धाकटा भाऊ त्यातच गेला. म्हणून त्याने घंटा चोरली. हे तो कुणालाही सांगणार नाही."

हसणं थांबलं. सासूबाईंनी हातातले फासे खाली ठेवले.

"मालक," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला पाव नकोय. तुम्ही बसा जरा. घरात आणखी कोण कोण होतं?"

समीक्षकाने खर्जातला आवाज लावायचा प्रयत्न केला, पण तो लागेना. लिफ्ट तपासणारा धडधाकट माणूस, शनिवारच्या भर दुपारी, खोट्या खानावळीच्या खोट्या मालकासाठी नाक पुसत होता. त्याने सगळं कबूल केलं. सासूबाईंनी त्याला कुणाच्या हवाली केलं नाही. मेहुण्याने तोडगा काढला, घंटेऐवजी माळावर धूर करायचा, गावाला लांबून दिसेल. बायकोने धुराची तीन औषधी झाडं सुचवली. संध्याकाळचे सात वाजले होते. मोरीतल्या नळाने खालची बादली कधीच भरली होती आणि पाणी बैठकीच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. कुणाचंच लक्ष नव्हतं.

सहा वर्षांत समीक्षक इतका आनंदात कधीच नव्हता. रविवारी सकाळी त्याने ते लिहून ठेवलेलं वाक्य खोडलं आणि एका दमात नवी समीक्षा लिहिली. पहिल्याच चौकटीत चोर सांगून टाकण्याचं या लेखिकेचं धाडस, सगळं माहीत असण्यातली गंमत, आणि शेवटच्या चौकटीला गळ्यात अडकणारा हुंदका. दहापैकी साडेनऊ. खाली तिन्ही खेळाडूंची नावं लिहिली. अकराला मजकूर गेला.

साडेअकराला सासूबाई पुस्तक मागायला खाली आल्या. त्यांनी ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, कारण पुस्तक तिथूनच सुरू होतं, आणि तिसऱ्या पानावर थांबल्या.

"जावईबापू, ही प्रस्तावना वाचलीत?"

"ती नवशिक्यांसाठी असते, आई."

"बरं. मग मी वाचते." त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. "'या पुस्तकात नेहमीची पद्धत उलटी केली आहे. चौकटीबाहेरचा मजकूर मोठ्याने वाचावा. चौकटीतला मजकूर फक्त खेळ चालवणाऱ्यासाठी आहे. तो खेळाडूंना चुकूनही कळू देऊ नये.'"

समीक्षकाच्या पायाखालची जमीन सरकली. मोरीतला नळ अजून गळतच होता, म्हणून बायको आतून फडकं घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

"चुकूनही," ती म्हणाली.

"कुणाला कळणार नाही," समीक्षक पुटपुटला. "समीक्षा चांगलीच आहे. कौतुकच केलंय."

"फोन करा," सासूबाई म्हणाल्या. हा आवाज कुऱ्हाडवालीचा नव्हता, मुख्याध्यापिकेचा होता. समीक्षकाने फोन केला.

"मी तुम्हालाच लावणार होते," संपादकबाई म्हणाल्या. "तुमचा मजकूर लेखिकेला पाठवला. तिचा आताच फोन येऊन गेला. ती विचारतेय, हे नेमकं कुठलं पुस्तक?"

मग समीक्षकाने सांगितलं. प्रस्तावना, चौकटी, सगळं. जहाजावरची मोहीमही नुसती चाळली होती, तेही सांगून टाकलं. बोलता बोलता त्याला शब्दकोड्याच्या काळ्या-पांढऱ्या चौकटी दिसायला लागल्या. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"ते ताज्या पावाचं कुणाला सुचलं?" शेवटी संपादकबाईंनी विचारलं.

"सासूबाईंना."

"त्यांना द्या फोन."

सासूबाई फोन घेऊन बाल्कनीत गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. समीक्षक काचेतून पाहत राहिला. सासूबाई मान हलवत होत्या, मधेच हसत होत्या, एकदा तर त्यांनी हवेत कुऱ्हाड चालवून दाखवली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बायकोने त्याच्या हातात फडकं दिलं, त्याने उंबरा पुसला. वीस मिनिटांनी दार उघडलं.

"लेखिकेलाही फोनवर घेतलं होतं. ती पुढच्या आवृत्तीत चौकटी वाचूनच दाखवायला सांगणार आहे," सासूबाई म्हणाल्या. "तिला असंच खेळून बघायचंय. बुधवारी येतेय, मी बोलावलंय."

"आणि सदर?"

"तुमचंच राहिलं."

समीक्षक मटकन खुर्चीत बसला. इतकं हायसं त्याला लिफ्टची दोरी तुटता तुटता राहिली होती तेव्हाही वाटलं नव्हतं. त्याने सासूबाईंचे आभार मानायला तोंड उघडलं.

"पुस्तकं मात्र आता माझ्या पत्त्यावर येतील," त्या म्हणाल्या. "खेळ मी चालवेन, तुम्ही लिहा. तसं ठरलंय आमचं."

"मग खेळात मी कोण?"

"तुम्ही खेळाडू." सासूबाईंनी पुस्तक बंद करून काखेत घेतलं आणि जिन्याकडे वळल्या. "खेळाडूने पुस्तक वाचायचं नसतं, जावईबापू. तेवढं तुम्हाला जमेल."