बिनतारी डबा कैदेतून सोडविल्याची हकीकत

"आलास का रे-ए-ए?" ऐशी एक हाक फार वर्षांमागे गल्लीच्या टोकावरून उठत असे, आणि तीन भिंती, एक पिठाची गिरणी आणि चालू असतील तेवढी भांडणे ओलांडून मैदानात खेळणाऱ्या पोराच्या कानी बिनचूक दाखल होत असे. हाक त्याच्या मातोश्रींची. तीस तार नव्हती, डबा नव्हता, परवलीचा शब्द नव्हता, आणि ती मध्येच तुटल्याची नोंद कोणत्याही दप्तरी सापडत नाही. ते पोर पुढे वाढले, छापखान्यात मुद्रितशोधक जाहले, चाळीस वर्षे लोकांच्या वेलांट्या आणि उकार ठिकाणावर आणून निवृत्त जाहले. त्यांच्याच घरी बिनतारी जोडणीने जो उच्छाद मांडिला आणि तो जैसा मोडिला, ते वर्तमान येथे लिहिले आहे. लिहिणाराने पदरचे घातले असेल, ते चवीपुरते जाणावे.

तर या मुद्रितशोधकांची, म्हणजे खासे तीर्थरूप यांची कन्या, लाडाचे नाव ठिणगी, दूर मुलुखी नोकरीस होती. तिने लहानपणाच्या आठवणींचे एक पुस्तक लिहिले आणि कच्ची प्रत तीर्थरूपांकडे रवाना केली. तीर्थरूपांनी एकशे चौदा चुका दस्त करून त्यांची फेरिस्त उलट टपाली धाडिली, परंतु पुस्तक कैसे वाटले याविषयी काना नाही की मात्रा नाही. मग कन्या दर रविवारी सकाळी दहा वाजता संगणकाच्या पडद्यावर प्रकट होऊन पुसे, "बाबा, चुका कळल्या. पण वाटलं कसं?" आणि नेमकी त्याच घटकेस जोडणी दगा देई, मग कन्येचे मुख उघडे ते उघडेच, डोळे अर्धे मिटलेले, जैसी शिंक उंबरठ्याशी येऊन थबकली. ऐसे तीन रविवार वाया गेले. आईसाहेब, ज्यांची कात्री धारदार आणि जीभ तीहून धारदार, त्या शिवणयंत्रावरून म्हणत, "तिकडची रेंज गेली, की तुमच्या चेहऱ्यावर येते बरं का!" तीर्थरूप वर्तमानपत्राच्या आड जात.

चौथ्या रविवारी सकाळीच कन्येचा निरोप आईसाहेबांच्या फोनवर येऊन थडकला, की बारा वाजता पुस्तक छापायला जाते आहे, आणि आज बाबांच्या तोंडून काही ऐकले नाही तर मी ते मागे घेणार, मग पुन्हा लिहिणे नाही. मजकूर वाचून आईसाहेबांनी कात्री खाली ठेविली आणि हुकूम फर्माविला, की जोडणी दुरुस्त होईतो या घरात चहा नाही. हुकूम ऐकून तीर्थरूप बहुत हैराण जाहले आणि मोहिमेस निघाले, म्हणजे पलंगावरून खुर्चीवर आले.

प्रथम संगणक बंद करून चालू केला, मग चालू करून बंद केला, आणि मग त्याकडे नजर रोखून पाहिले. गनीम बधला नाही. मग जोडणीच्या मदतकक्षाशी फोनवरून संधान बांधिले. तेथे एकच धून सोळा वेळा ऐकविली गेली, आणि तीर्थरूप जेर होऊन तीच गुणगुणू लागले तेव्हा कोणी मंजुळ आवाजाची बाई प्रकट जाहली आणि तिने फर्माविले, "चॅनेल बदलून पाहा, सर." तीर्थरूप आज्ञेचे पक्के. त्यांनी तत्काळ टीव्हीचा रिमोट उचलून चॅनेल बदलिला.

"आता काय दिसतंय, सर?"

"एक बाई आणि एक पुरुष. झाडाभोवती पळतायत."

पलीकडून पुन्हा तीच धून सुरू जाहली.

तेव्हा आईसाहेबांनी मसलत करून दोन गल्ल्यांपलीकडील जोडणीवाल्या बाईस पाचारण केले. ती सुटीच्या दिवशी, ओल्या केसांनिशी, खांद्यावर शिडी आणि कमरेस पक्कड ऐशी अकरा वाजता दाखल जाहली, आणि दारातूनच पुसती जाहली,

"काकू, वाय-फायचा डबा कुठाय?"

"कपाटात."

"कसल्या कपाटात?"

"लोखंडी. कुलूप लावून ठेवलाय."

"डब्याला कुलूप? काय, पळून जातो का तो?"

मग तीर्थरूपांनी आपली बाजू मांडिली ती ऐशी, की महिन्यामागे पडद्यावर स्वच्छ मराठीत उमटले, 'आपले नेटवर्क सुरक्षित नाही. कृपया सुरक्षित करा.' ज्यांनी उभ्या हयातीत शब्दास अर्थाबाहेर पाऊल टाकू दिले नाही, त्यांनी त्याच दिवशी कपाटाच्या पाठीस भोक पाडविले, तार आत घेतली, डबा गरम कपड्यांच्या खणात बसविला, आणि किल्ली खिशात घातली.

"अहो काका, सुरक्षित म्हणजे पासवर्ड घाला!"

"मग तसं लिहायचं. शब्द चुकलाय त्यांचा."

"शब्द बरोबर आहे. डबा चुकलाय. लोखंडाच्या आतून रेंज कशी येणार? दार उघडं असेल तेव्हाच चालत असणार तुमचं."

हे ऐकताच आईसाहेबांच्या मुद्रेवर उजेड पडला. दर रविवारी लेकीपुढे नीट दिसावे म्हणून त्या ठेवणीतली शाल मागत, मग तीर्थरूप कपाट उघडीत, दार उघडेच राही आणि जोडणी झुळझुळ वाहे. मग कन्या तो प्रश्न पुसे, आणि तीर्थरूप "कपाट उघडंच राहिलं की" ऐसे म्हणत लगबगीने उठत.

"अहो! म्हणजे ती विचारते, तुम्ही उठता, कुलूप लावता, आणि पोरीचं तोंड बंद!"

"मला काय ठाऊक?" तीर्थरूप म्हणाले, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल जाहले. ठाऊक होते की नव्हते, याविषयी दप्तर मौन आहे.

मग कुलूप उघडिले, आणि स्वेटरांच्या व कानटोप्यांच्या वेढ्यात धापा टाकीत पडलेला डबा सन्मानाने बाहेर आणून खिडकीजवळच्या फळीवर बसविला, परवलीचा शब्द आईसाहेबांनी जोडणीवालीच्या कानात सांगितला, आणि त्यावर दोघी ज्या हसल्या त्यावरून तो येथे लिहिण्याजोगा नसावा. येणेप्रमाणे अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी डबा कैदेतून मुक्त, दिवे सर्व हिरवे, मोहिमेत खर्ची पडले ते एक भोक आणि सकाळचे दोन चहा, आणि फत्ते पूर्ण जाहली, ऐसे नमूद केले असे.

पाच मिनिटांत कन्या पडद्यावर आली, आणि तिचा चेहरा हलत होता, पापणीसुद्धा लवत होती.

"बाबा, वेळ नाहीये आता. वाटलं कसं?"

तीर्थरूप सवयीने अर्धे उठले. कपाटाकडे पाहिले, किल्ली आईसाहेबांच्या मुठीत होती. मग ते खाली बसले, आणि जोडणी तुटली नाही.

"आजीच्या हाकेचं ते सव्विसावं पान, त्यावर मी एकही खूण केली नाहीये. पाहिलंस?"

"हो. तिथे चूक नव्हती ना?"

"असेल गं. मला अक्षरंच दिसेनात. तीन वेळा बसलो वाचायला, तिन्ही वेळा तेच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते पान मला विचारू नको, ठिणगे. जसं आहे तसं छाप."