नायट्रेटचं मॅचिंग

नववीचा निकाल लागला त्या आठवड्यात मृणालीची खात्री पटली होती, की आपल्याला जमणार नाही असं जगात आता काही उरलेलं नाही. वक्तृत्वात ती जिल्ह्यात दुसरी आली होती. पोळी गोल येत नसली, तरी पोळी गोलच का असावी यावर ती दहा मिनिटं बोलू शकत होती. त्यामुळे भूषणकाकाने सगळ्यांसमोर जेव्हा विचारलं, "पण पाणी कोण तपासणार?" तेव्हा तिने नुसता हात वर केला नाही. ती खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"मी. आणि तपासायचं किटसुद्धा मीच निवडणार."

पाणी म्हणजे काकाच्या माशांच्या टाकीतलं. साधं नव्हे, खारं. विकतचं समुद्री मीठ घालून घरच्या घरी कालवलेला अडीच फुटांचा समुद्र, आणि त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ओढलेले दोन जोकर मासे. खरा समुद्र जळगावपासून किती लांब आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून ते मजेत होते.

काका नरडाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि धुळ्याला राहायचा. आता त्याची बदली सिल्वासाला झाली होती आणि तिथे मिळालेल्या खोलीत काका, काकू आणि समुद्र एवढे सगळे मावत नव्हते. टाकीसाठी उमेदवार दोन. एक जळगावची पुतणी मृणाली. दुसरा धुळ्याचा भाचा जीवन, जो बी.एस्सी.ला होता आणि ही गोष्ट कोणाला विसरू देत नव्हता.

"तीन आठवडे टाकी तुझ्याकडे," काका म्हणाला. "मासे खातात, घाण करतात, त्याचं शेवटी पाण्यात नायट्रेट साचतं. ते वीसच्या खाली ठेवायचं. मी येईन तेव्हा माझ्यासमोर तपासून आकडा सांगायचा. जमलं तर मासे तुझे. नाही जमलं तर जीवनकडे."

त्या रात्री मृणालीने दोन्ही माशांना नावं देऊन टाकली. आपली म्हटल्यावर नावं नकोत का?

दुसऱ्या दिवसापासून तिने सात व्हिडिओ पाहिले आणि वहीत तक्ता आखला. किटं तीन जातींची निघाली. एक पट्टीवालं: कागदी पट्टी पाण्यात बुडवा आणि रंग बघा. दुसरं थेंबवालं: नळीत टाकीचं पाणी घ्या, बाटल्यांतले थेंब टाका, हलवा, थांबा आणि तयार झालेला रंग कार्डावरच्या रंगांशी जुळवा. तिसरं मीटरवालं, ज्याची किंमत बघून पप्पांनी मोबाइल उलटा ठेवला.

पप्पा, म्हणजे समाधानभाऊ, यांचं खतांचं दुकान होतं. अर्ध्या तालुक्याची केळी त्यांच्या विद्राव्य खतांवर पोसलेली. त्यांना हा सगळा खटाटोपच उलटा वाटत होता.

"नायट्रेट कमी ठेवायचं? अगं, लोक माझ्याकडून पोती भरून नेतात. वाढलं तर चांगलंच की. घड बघ कसा सुटेल."

"पप्पा, ते मासे आहेत. त्यांना घड येत नाही."

"म्हणून म्हणतो, थोडं घालून तर बघ."

आजी शिंदखेड्याकडची, अजून अहिराणीतच बोलणारी. ती टाकीसमोर खुर्ची टाकून बसायची, कारण घरातला कुलर आता पप्पांच्या पलंगाऐवजी टाकीकडे तोंड करून ठेवलेला होता.

"पानी तपासाले इतला पैसा कसाले?" आजी म्हणाली. "बोट बुडाय अन् चाखी देख. जीभ कसाले शे?"

मृणालीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि थेंबवालं किट मागवलं. पट्टी म्हणजे ढोबळ काम, असं सातापैकी पाच व्हिडिओंचं मत होतं. किट आलं तेव्हा तिने डबा असा उघडला जसा मुलीकडचे लोक दागिन्यांचा डबा उघडतात. चार नळ्या, सात बाटल्या, रंगांचं कार्ड आणि मुंगीच्या अक्षरात छापलेला एक कागद. कागद तिने घडी मोडून पाहिला आणि पुन्हा घडी घालून डब्याच्या तळाशी ठेवला. सात व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला कागदाची काय गरज?

काका येण्याच्या दिवसाआधी दोन दिवस, शुक्रवारी सकाळी, तिने नायट्रेटची रंगीत तालीम घेतली. नळीत पाणी, दहा थेंब, हलवणं, पुन्हा दहा थेंब, पुन्हा हलवणं, मग पाच मिनिटं थांबणं. पाणी पिवळं झालं, मग जरा नारिंगीकडे झुकलं. आणि इथेच घोटाळा सुरू झाला. कार्डावर पाचला पिवळा होता, दहाला जरा गडद पिवळा, वीसला नारिंगी आणि पुढे लाल, अजून लाल. नळीतला रंग या सगळ्यांच्या मधल्या गल्लीत उभा होता.

"हळदी आहे," आई म्हणाली. आईचं नाव हेमांगी आणि रंगांबाबत तिचा स्वभाव आग्रही.

"मला नारिंगी वाटतोय," पप्पा म्हणाले.

"तुम्हाला मागच्या वर्षी माझी अबोली साडी गुलाबी वाटली होती."

"बठ्ठा सारखाच दिखस माले," आजीने निकाल दिला.

खिडकीत नेलं तर दहा वाटायचं, ट्यूबखाली नेलं तर वीस. दहा म्हणजे मासे आपले, वीस म्हणजे जीवनचे. तेवढ्यात आईच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आपण वेड्यासारखे भांडतोय कशाला? पितांबरशेठ आहेत ना."

पितांबरशेठचं बाजारात मॅचिंग सेंटर होतं. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. पंचवीस वर्षं जळगावच्या बायकांनी पदराचं टोक त्यांच्यापुढे धरावं आणि शेठनी न वळता मागच्या फळीवरून बरोबर तोच तागा ओढावा. एकदा एका बाईने फोनवर नुसतं "माझ्या जाऊबाईंच्या पैठणीसारखा" म्हटलं आणि शेठनी पाठवलेला तुकडा दोरा न चुकता जुळला, असं आई शपथेवर सांगायची.

नळीला टोपण लावलं, रुमालात गुंडाळली आणि कार्डासकट आईच्या पर्समध्ये उभी ठेवली. आईने गाडी काढली. वाटेत रेल्वेचं फाटक बंद मिळालं. एक मालगाडी गेली, मग विचार करून दुसरी गेली. त्यात लग्नसराई, मे महिना, रस्त्यात एक वरात. सेंटरला पोचायला पाऊण तास लागला, आणि तिथे काउंटरवर बायकांची तिहेरी फळी.

"शेठ, जरा एवढं बघता का?" आईने गर्दीवरून नळी पुढे केली.

शेठनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, नळी घेतली आणि दुकानाबाहेर उन्हात आले. अनोळखी रंग ते दुकानातल्या दिव्याखाली बघत नसत. नळी एकदा तिरकी धरली, एकदा सरळ.

"डाळिंबी," ते म्हणाले. "शेड एकशे सतरा. अस्तर किती मीटर देऊ?"

"डाळिंबी कसा असेल?" मृणालीने नळी ओढून घेतली. नळीत खरंच लालभडक पाणी होतं. कार्डावर ते थेट ऐंशीला जाऊन बसत होतं.

"विटकरी म्हणेन मी," फॉल घ्यायला आलेल्या लताबाई म्हणाल्या.

"लताबाई, विटकरी तुम्ही परवा नेला आणि परत आणून दिलात."

"विटकरी कितीला आहे?" आईने विचारलं.

"चाळीसला," मृणाली रडवेली होऊन म्हणाली.

"बघा, विटकरी चाळीसला आहे म्हणे," मागच्या एका बाईने शेजारणीला सांगितलं. "कोणतं दुकान ते?"

मृणालीने घरी फोन लावला. "पप्पा, ऐंशी झालंय. मासे बघा. जिवंत आहेत का?"

पप्पांनी मासे पाहिले. मासे जिवंत होते. पण खतांच्या दुकानदाराला ऐंशी हा आकडा ऐकून एवढंच समजलं, की पोरगी रडतेय. आणि पोरगी रडते तेव्हा जाणत्या माणसाला फोन करावा, म्हणून त्यांनी काकाला केला. काका रविवारी येणार होता. तो ताबडतोब निघाला.

दुपारी दोन वाजता घरात उभं राहायला जागा नव्हती. धुळ्याहून काका आणि रूपाकाकू आले होते. काकाच्या हातात मासे न्यायला झाकणाची मोठी बादली होती. पितांबरशेठ जेवायच्या सुट्टीत दुकान बंद करून आले होते, कारण त्यांच्या शेडवर कोणी शंका घेतलेली त्यांना खपत नसे. लताबाई कशाला आल्या होत्या हे कोणी विचारलं नाही.

"मासे तर बरे दिसताहेत," काका टाकीत डोकावून म्हणाला. "रंग कधी पाहिला तुम्ही?"

"सकाळी. आणि मग सेंटरला पोचल्यावर."

"म्हणजे किती वेळाने?"

"पाऊण तास."

काकाने डब्याच्या तळातला कागद काढला, घडी उलगडली आणि मृणालीपुढे धरला. पाच मिनिटांनी रंग वाचावा, असं लिहिलं होतं. नंतर तो गडद होत जातो, तो धरू नये.

"शेड मात्र बरोबर होती," शेठ म्हणाले.

"आता माझ्यासमोर कर," काका म्हणाला. "आज किंवा रविवारी, एकच आहे. मला नळी दाखवू नकोस, आकडा सांग."

मृणालीने पुन्हा थेंब मोजले. बरोबर दहा आणि दहा. पाच मिनिटं पूर्ण झाल्यावर ती नळी घेऊन गॅलरीत उन्हात गेली आणि कार्डाशेजारी धरली, शेठनी धरली होती तशी, एकदा तिरकी, एकदा सरळ. मागून आई हळूच "हळदी, हळदी" म्हणत होती. लताबाई बोटांनी दहा करून दाखवत होत्या. पण उन्हात काही लपत नव्हतं. नळीत नारिंगी होता.

"वीस," मृणाली म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

काकाने खाली बघितलं. "तीन आठवड्यांत वीस. आमच्याकडे चार वर्षांत दहाच्या पुढे गेलं नाही, बेटा. दर रविवारी मी लिहून ठेवलंय." आणि त्याने बादलीचं झाकण काढलं.

रूपाकाकू सोफ्यावर बसून ताक पीत होती. तिने पेला खाली ठेवला.

"ते दहा मीच सांगायचे."

"हो, तूच सांगायचीस. मग?"

"मग काय. यांना लाल, नारिंगी, हिरवा काही वेगळं दिसत नाही," काकू सगळ्यांना म्हणाली. "डॉक्टरांनी तपासलंय, पण हेच कोणाला सांगू देत नाहीत. नळी घेऊन यायचे, रूपा, किती झालं? माझी पोळी तव्यावर. मी म्हणायचे, दहा."

"न बघता?" काकाचा आवाज बारीक झाला.

"पहिल्यांदा बघितलं होतं."

लताबाईंनी दहा करून धरलेली बोटं हळूच मिटली.

"तरीच," आजी काकाकडे बोट दाखवत म्हणाली. "न्हाना व्हता तवय वावरमाईन कच्चाच टमाटा तोडी लये हाऊ. मी म्हनू, कामचुकार शे."

काका बादलीच्या काठावर टेकला. "आणि पीएच?"

"आठ पूर्णांक दोन ऐकलं की तुम्ही खूश व्हायचा. म्हणून आठ पूर्णांक दोन."

चार वर्षांचे दोनशे रविवार काकाच्या चेहऱ्यावरून एकेक करून उतरले. मग त्याने झाकण पुन्हा बादलीला लावलं. "मृणाली, टाकी इथेच राहील," तो म्हणाला. "आपल्या घराण्यात खरा आकडा सांगणारी तू पहिलीच." मृणालीने त्याला अशी मिठी मारली की नळी सांडली आणि तिच्या ओढणीवर एक वीसचा डाग पडला.

काकाचं मात्र अजून संपलं नव्हतं. त्याने अंगातल्या शर्टाकडे पाहिलं, बाही चाचपली आणि शेठजवळ सरकला.

"शेठ, तुम्ही जाणकार. हा शर्ट राखाडीच आहे ना?"

पितांबरशेठनी भडक पोपटी शर्टाकडे पाहिलं. मग रूपाकाकूकडे पाहिलं. पंचवीस वर्षं काउंटरमागे काढलेला माणूस तो. बायकोने पसंत केलेल्या रंगावर नवऱ्यासमोर बोलायचं नसतं, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

"भाऊ," त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, "वहिनी म्हणतील तो."