लॉर्डसाहेबांना राग येईना

शनिवारी दुपारी नाटकाचा पडदा उघडायचा होता आणि चारुदत्तने नेमका त्याच दिवशी सकाळी पाय मोडून घेतला. घरासमोरचा बर्फ फावड्याने शोव्हल करता करता घसरला. हॉस्पिटलमधून त्याच्या बायकोचा फोन आला, तेव्हा सुनेत्राताईंच्या हातात त्याच्याच मिशा होत्या, म्हणजे त्याला लावायच्या. "आता काय करू मी, देवा!" म्हणत त्या शाळेच्या हॉलमध्ये स्टेजच्या पायरीवरच बसल्या.

सुनेत्राताई लंडनच्या, पण ऑन्टारिओमधल्या लंडनच्या. नाटक मात्र त्यांनी थेट इंग्लंडात नेऊन ठेवलं होतं. नाव 'हवेलीतले दिवे'. महायुद्ध चालू आहे, बाहेर बॉम्ब पडतायत, आत प्रचंड हवेली, त्यात एक तापट लॉर्डसाहेब आणि त्यांचा म्हातारा बटलर हॉब्स. साहेबांची चांदीची डबी हरवते, हॉब्सवर आळ येतो, साहेब त्याला वाट्टेल तसं बोलून हाकलून देतात आणि मग हॉब्स जे बोलतो त्यावर अख्ख्या हॉलने रडायचं, असा बेत होता. आणि चारुदत्त म्हणजे लॉर्ड.

"गंधार!" सुनेत्राताई एकदम ओरडल्या. "इकडे ये. उंच आहेस, कोट बसेल."

गंधार हा नाटकाचा प्रॉम्प्टर. नागपूरचा मुलगा, सॉफ्टवेअरमधला, स्वभावाने इतका मऊ की कस्टमर सर्व्हिसवाल्याने चूक कबूल केली तर हाच सॉरी म्हणायचा.

"ताई, मी नको. मी नुसता विंगेतून वाचतो."

"तुला सगळ्यांचं सगळं पाठ आहे. उगाच भाव खाऊ नकोस."

"तसं नाही हो. हॉब्स उकिडवेकाका करतायत ना..."

"मग?"

"मग मी काकांना गाढव कसा म्हणू?"

"तू कुठे म्हणतोयस? लॉर्ड म्हणतोय!" असं म्हणून ताईंनी त्याच्या ओठावर मिशी चिकटवलीसुद्धा.

आता हा प्रश्न दिसतो तितका साधा नव्हता. शरदचंद्र उकिडवे यांची मुलगी सलोनी. सलोनीचं आणि गंधारचं वर्षभर जमलेलं होतं. काकांना कुणकुण लागलेली होती आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, गंधार त्यांच्याकडे जेवायला जाऊन रीतसर विचारणार होता. जेवायला बोलवायला काकांनी हो म्हटलं होतं, पुढचं काही बोलले नव्हते. काका मुळात बोलायचेच कमी. ते नुसते बघत. आणि ज्या माणसाकडे उद्या मुलगी मागायची, त्याला आज दोनशे लोकांसमोर अरे-तुरे करायचं, चोर म्हणायचं, गाढव म्हणायचं, वर त्याच्याकडून पायातले बूट काढून घ्यायचे!

"डोन्ट वरी सो मच," सलोनी म्हणाली. प्रॉम्प्टिंग आता तिच्याकडे आलं होतं. तिला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून सुनेत्राताईंनी अख्खं स्क्रिप्ट इंग्रजी अक्षरांत काढून दिलं. "इट्स अ प्ले. बाबा विल गेट इट."

"तुला नाही कळणार. माझ्या आईला हे कळलं ना, तर ती नागपूरहून येऊन मला मारेल."

त्याने आधीच माफी मागून ठेवायचं ठरवलं. काका मेकअपच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे होते. अंगात काळा कोट, हातांत पांढरे हातमोजे. ओठ हलत होते.

"काका, मी आज जे काही बोलेन ना..."

काकांनी मागे न बघता हात वर केला. गप्प, असा. गंधार मटकन खुर्चीत बसला. झालं! माणूस आत्तापासूनच चिडलाय.

प्रत्यक्षात काका चिडलेले अजिबात नव्हते. ते भाषण घोकत होते. मराठी मंडळात येऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या वाट्याला आजवर आले ते पोस्टमन, हवालदार नाहीतर 'तार आलीय' म्हणून जाणारा गडी. यंदा पहिल्यांदा त्यांना शेवटच्या प्रवेशात मोठ्ठं भाषण मिळालं होतं. ते त्यांनी गराजमध्ये, गाडीत, ग्रोसरीच्या रांगेत, सगळीकडे म्हणून पाहिलं होतं. माधवीकाकूंना तर ते झोपेतसुद्धा ऐकू यायचं. "एकदाचं होऊन जाऊ दे हो तुमचं ते भाषण," त्या म्हणायच्या, "मला माझं घर परत पाहिजे."

पडदा उघडला. लॉर्डसाहेब आरामखुर्चीत. डावीकडून चहाचा ट्रे घेऊन हॉब्स आला आणि लॉर्डसाहेब ताडकन उठून उभे राहिले.

मोठं माणूस खोलीत आलं की उठायचं, हे गंधारच्या गुडघ्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं. नाटक आहे हे गुडघ्यांना कोण सांगणार?

"बस," काका ओठ न हलवता म्हणाले.

गंधार बसला. पण पार काठावर, दोन्ही हात मांडीवर घेऊन. आता त्याने ओरडायचं होतं, 'हॉब्स, चहा गार आहे! घेऊन जा!'

"हॉब्स, चहा..." त्याने काकांकडे बघितलं. काका रोखून बघत होते. "चहा छान झालाय. तुम्ही घेतलात का?"

प्रेक्षकांत कोणीतरी फिसकलं.

"गार आहे तो," काका दातांतल्या दातांत म्हणाले.

"चालतो मला गार."

आता हॉल उघड हसला. विंगेतून सलोनीची कुजबुज आली, "से द लाइन! से द लाइन!" पण पुढची लाइन बुटांची होती. हॉब्सने साहेबांसमोर गुडघ्यावर बसायचं आणि चिखलाचे बूट काढायचे. काका कंबरेत वाकले. सासरा होऊ घातलेला माणूस आपल्या पायांशी वाकतोय म्हटल्यावर गंधारने असे पाय वर ओढले की खुर्ची मागे कलंडली, तो धडपडत सावरला, आणि सावरता सावरता हात काकांच्या पायांना लागले. लागलेच आहेत म्हणून त्याने रीतसर नमस्कार करून टाकला. मग बूट स्वतःच काढले आणि हवेलीच्या दाराबाहेर नीट जोडून ठेवून आला.

लोक पोट धरधरून हसत होते. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, "हे विनोदी आहे होय? पत्रिकेत शोकान्त लिहिलंय की!"

मध्यंतरात सुनेत्राताईंचा आवाज बसला होता, तरी त्या ओरडत होत्या. "अरे, नोकर आहे तो तुझा! नोकराच्या पाया कुठला लॉर्ड पडतो? माझं नाटक बुडवलंस तू, पार बुडवलंस!"

"सॉरी ताई. आपोआप झालं."

माधवीकाकू बटाटेवड्याची प्लेट तशीच हातात घेऊन आल्या. "ह्यांनी वडा खाल्ला नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "मी लग्न होऊन आल्यापासून असं झालेलं नाही."

गंधारचा चेहरा पडला. "माझ्यावर चिडलेत ना?"

"चिडलेत की काय ते नाही माहीत. पण वडा नाही म्हणाले, म्हणजे काहीतरी भयंकर आहे हे नक्की."

तेवढ्यात काका समोरून आले. गंधारच्या अगदी जवळ उभे राहिले. कपाळावर घाम होता. "दुसऱ्या अंकात नीट कर," एवढंच म्हणाले आणि गेले.

नीट म्हणजे काय, याचा अर्थ गंधारने आपल्या परीने लावला. पहिल्या अंकात अजून काहीतरी कमी-जास्त बोललं गेलं असणार. आता जीभ अशी सांभाळायची की उद्याच्या जेवणाला कुठे गालबोट लागता कामा नये. इकडे काकांच्या मनात वेगळीच धाकधूक होती. साहेब रागावले नाहीत तर हॉब्सला हाकलणार कोण? आणि हाकललंच नाही, तर भाषण कशाचं करायचं?

दुसरा अंक. हवेलीत मेणबत्ती, बाहेर भोंगा. डबी हरवली आहे. लॉर्डसाहेबांनी उठून गर्जायचं, 'चोरा! माझ्या घरात राहून मलाच लुबाडलंस?'

"हॉब्स," गंधार नरमपणे म्हणाला, "डबी सापडत नाहीये. पण तुम्ही टेन्शन घेऊ नका."

काका एक पाऊल पुढे आले. "साहेब, तुमचा माझ्यावर संशय आहे."

"छे छे! मुळीच नाही."

"तुमच्या मनात तेच आहे! तुम्ही मला चोर समजता!"

"नाही हो. शपथ."

काकांच्या मानेची शीर फुगली. त्यांनी खिशात हात घातला आणि डबी काढून साहेबांच्या नाकासमोर धरली. ही डबी खरं तर शेवटी कोचाखाली सापडायची होती, म्हणून तिथे सरकवायला ती काकांकडेच दिलेली होती. "मग ही बघा! माझ्याच खिशात होती! आता बोला!"

विंगेत सुनेत्राताईंनी डोक्यावर हात मारला.

"असू दे," गंधार म्हणाला. "मीच ठेवायला दिली असेल. माझं हल्ली लक्ष नसतं."

"मी रोज चोरतो! चमचे चोरतो!"

"घरचेच आहात तुम्ही. घ्या की."

हशाचा असा स्फोट झाला की भोंगा ऐकू येईना. काका स्टेजच्या मधोमध उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते हॉब्सचं नव्हतं, उकिडव्यांचं होतं. हातातोंडाशी आलेलं भाषण हा पोरगा गोड बोलून बोलून गिळत होता. त्यांनी एकदा प्रेक्षकांकडे बघितलं, एकदा विंगेत उभ्या असलेल्या सलोनीकडे बघितलं, आणि मग वळून असं काही बोलले जे कुठल्याच स्क्रिप्टमध्ये नव्हतं.

"साहेब, एक सांगू? तुम्ही माणूस नाही, साबुदाण्याची खीर आहात. असल्या मिळमिळीत माणसाला मी माझी मुलगी देणार नाही. उद्या जेवायलाही येऊ नका."

विंगेत सलोनीच्या हातातलं स्क्रिप्ट खाली पडलं.

गंधार जागचा हलला नाही. कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग मान, मग सगळं तोंड. मिशी एका बाजूने सुटली. काकांसाठी म्हणून वर्षभर जी शुद्ध, गुळगुळीत मराठी त्याने जपून वापरली होती, ती एका क्षणात उडून गेली आणि आतला नागपूर बाहेर आला.

"ए बे हॉब्स!" लॉर्डसाहेब गरजले. "तू सोताले काय समजून रायला बे? वर्षभर तुह्या ड्राइव्हवेचा बर्फ शोव्हल केला! तुह्या गाडीचे विंटर टायर बदलले! बेसमेंटमंदी पाणी शिरलं तं रातभर बादल्या मी उपसल्या! अन् तू मले खीर म्हणतं? गाढवा! चोर तो चोर, वरून शिरजोर! चाल, निघ माह्या घरातून! आत्ताच्या आत्ता निघ!"

कोणी हसलं नाही. इंग्लंडात त्या काळी विंटर टायर होते का, असा प्रश्न एकालाही पडला नाही. गंधारच्या रागाने सगळ्यांच्या अंगावर काटा आला होता.

आणि काका? त्यांचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्याला वाटावं हॉब्सला पगारवाढ मिळाली. क्षणभरच. मग त्यांनी तो चेहरा आवरला, पांढरे हातमोजे सावकाश काढले, टेबलावर ठेवले आणि हलक्या आवाजात सुरुवात केली. "जातो, साहेब. या हवेलीतले दिवे मी रोज लावले आणि रोज मालवले. उजेड तुमच्यासाठी होता. माझ्या वाट्याला फक्त काडी पेटवणं आलं..."

शेवटच्या वाक्याला पहिल्या रांगेतले आजोबा हमसून हमसून रडत होते. माधवीकाकूंना भाषणाचं अक्षर न् अक्षर माहीत होतं, तरी त्यांनी पदर डोळ्यांना लावला. लोक उभे राहिले, पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. सुनेत्राताई दिसेल त्याला मिठी मारत सुटल्या.

लॉर्डसाहेब मात्र नमस्काराला स्टेजवर आलेच नाहीत. ते वॉशरूममध्ये आतून कडी लावून बसले होते.

"गंधार, कम आउट," सलोनी दार वाजवत होती. "प्लीज."

"मी काकांना 'बे' म्हटलं, सलोनी. 'बे'! संपलं सगळं."

"आय नो. आय हर्ड. पण बाबाच आलेत इथे."

मग कडी निघाली. गंधार खाली मान घालून बाहेर आला. काका समोर उभे होते, हातात अर्धा खाल्लेला वडा.

"काका, मला माफ करा. मी तोंड दाखवायच्या लायकीचा..."

काकांनी वड्यासकट त्याला मिठी मारली. "अरे, माफी कसली मागतोस? आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्यासाठी उभे राहिले रे. तुझ्यामुळे! तू तसा फाडकन बोलला नसतास ना, तर मी असाच मेलो असतो पोस्टमन म्हणून."

"म्हणजे... तुम्ही चिडला नाहीत?"

"चिडेन कशाला? मुलगी तुलाच देणार. ठरलं."

सलोनी किंचाळली आणि तिने दोघांनाही मिठी मारली. गंधारला रडावं की हसावं कळेना. काका वडा संपवून बोटं पुसत म्हणाले, "फक्त लग्नाची घाई करायची नाही."

"म्हणजे?"

"एटोबिकोच्या मंडळाची माणसं आली होती आज. त्यांना आपला प्रयोग पाहिजे. सुनेत्रा म्हणतेय पार दुसऱ्या टोकाच्या बर्नाबीलाही विचारू. चारुदत्तला मी कळवून टाकतो, निवांत पाय बरा कर म्हणून. लॉर्ड तूच."

"हो, करू ना काका. पण त्याचा लग्नाशी काय संबंध?"

काका त्याच्याकडे मोठ्या मायेने बघत राहिले. "संबंध नाही कसा? जावई झालास की तुझं हे आजचं तोंड कायमचं बंद होणार. मानपान, अहो-जाहो, दिवाळसण. मग माझ्यावर असा जीव तोडून कोण ओरडणार? दौरा संपू दे, मग बघू या मुहूर्त."

"बाबा! दॅट्स इन्सेन!"

गंधारने एकदा सलोनीकडे बघितलं. मग त्याचा श्वास फुलला, मुठी वळल्या, आणि या वेळी स्टेज नव्हतं, प्रेक्षक नव्हते की कोट नव्हता. "अहो, काय मूर्खपणा लावलाय हा!" तो ओरडला. "नाटकासाठी मी काय म्हातारा होऊ? तुम्हाला काही लाज वाटते की नाही?"

वॉशरूमबाहेर रांगेत उभी असलेली माणसं चपापून मागे सरली. काकांनी डोळे मिटले आणि तृप्त मनाने मान डोलावली.

"वा! असाच आवाज," ते म्हणाले. "एटोबिकोला फक्त शेवटी एक 'बे' घाल."