विहिरीपाशी कोणी नव्हतं

"अख्ख्या महादेवपुऱ्यात नियमाने ड्रोन उडवणारा मी एकटा!" हे वाक्य हयवदन कोणालाही ऐकवायचा. लिफ्टमध्ये, लग्नात, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना!

आता खरं सांगायचं तर याच हयवदनने पूर्वी काय कमी धुमाकूळ घातला होता? तेव्हा कोण विचारत होतं हो! खोकं उघडलं, गच्चीवर गेला, सोडला वर. शेजारच्या भार्गवी अक्कांनी वाळत घातलेले सांडगे त्याच्या ड्रोनच्या वाऱ्याने थेट कोपऱ्यावरच्या गणपतीला पोचले होते. मग नियम आले. मग नियम बदलले. मग बदललेले नियम पुन्हा बदलले! यंत्राला नंबर हवा, नकाशात लाल-पिवळं-हिरवं बघायला हवं. जुना विमानतळ जवळ, त्यामुळे हयवदनचं घर लाल रंगात, म्हणजे उडवायला साफ बंदी. ड्रोन गच्चीवर ठेवला की रुसलेल्या जावयासारखा जागचा हलेना. बाकीच्या हौशी मंडळींनी आपापली यंत्रं माळ्यावर टाकली. हा पठ्ठ्या मात्र त्रेचाळिसाव्या वर्षी अभ्यासाला बसला, पायलटचा परवाना मिळवला, तो फ्रेम करून देवघराशेजारी लावला, आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीतल्या नोकरीचा राजीनामा दिला!

त्याच्या आईने, अनुसूयाबाईंनी, आरडाओरडा केला नाही. त्या फक्त म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत एक तरी खरं काम आण. नाही आलं, तर सरी, ठीक आहे म्हणायचं आणि परत ऑफिस. दे शब्द."

त्याने दिला. आणि सहा महिने एकही काम आलं नाही.

दसऱ्याला चार दिवस उरले आणि फोन वाजला. जमिनींची मोजणी करणारी एक कंपनी. बोलणारी मुलगी रम्या. होसकोटेच्या पुढे एक बंद पडलेला कारखाना, मागे मोठं रान, रानात एक विहीर. वरून फोटो काढायचे आणि दसऱ्याला दुपारी बारापर्यंत फॉर्म भरून पाठवायचा.

"फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न आहे, सर," रम्या म्हणाली. "'उड्डाणक्षेत्रात कामाशी संबंध नसलेली व्यक्ती होती का?' तिथे 'नाही' यायला हवं. 'हो' आलं तर काम रद्द. परक्या माणसाच्या डोक्यावरून उडवलेलं आमच्याकडे चालत नाही."

"हॅ! माझ्याकडून 'हो' येणारच नाही!"

"आधीच्या दोघा पायलटांचं 'हो' आलं, सर."

"बेशिस्त लोक!" हयवदन म्हणाला आणि खुशीत फोन ठेवला.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी त्याने यंत्र पुसून लख्ख केलं. उड्डाणापूर्वी तपासायच्या चाळीस मुद्द्यांची त्याची एक यादी होती. ती खरं तर जागेवर भरायची. पण पहाटे निघायचं, कशाला उगाच घाई, म्हणून त्याने चाळीसही मुद्दे घरीच टिक करून टाकले. मग आईला कौतुकाने म्हणाला, "बघ आई, सात डोळे आहेत याला! दोन पुढे, दोन मागे, दोन पोटाखाली, आणि हा कॅमेऱ्याचा मोठा."

"अगोबाई, सात!" अनुसूयाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मिक्सर, स्कूटर, शिलाईमशीन आणि ड्रोन, सगळ्यांची यथासांग पूजा झाली.

दसऱ्याच्या सकाळी तो होसकोटेच्या रानात पोचला तेव्हा ऊन वर आलं होतं, पण धुकं हटलं नव्हतं. कारखान्याचे पत्रे वारा नसताना मधूनच वाजत होते. जागेचा राखणदार महांतेश फाटकाला कुलूप लावून आला. निपाणीकडचा माणूस, मराठी ऐकून आधी खूश झाला. मग यंत्र बघून त्याचं तोंड उतरलं.

"सर, कारखान्यावर काय फिरवायचं ते फिरवा. विहिरीकडं नका पाठवू की ओ."

"का? कोणी राहतं का तिथे?"

"राहत कोण न्हाई." महांतेशने आवाज खाली आणला. "पण असतंय."

"भूतबीत काही नसतं हो!" हयवदन जरा जास्तच मोठ्याने म्हणाला.

ड्रोन उठला. घूं करत वर गेला, विहिरीच्या दिशेने वळला आणि हवेत गच्चकन थांबला. हातातल्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली: समोर अडथळा.

समोर? समोर नुसतं रान! झुडूप नाही, तार नाही. हयवदनने पुढे रेटलं. यंत्र पुढे जाईना. उलट हळूहळू, कोणाला तरी वाट द्यावी तसं, मागे सरकलं. मग मागेही थांबलं. मागेही अडथळा!

"तिनं धरलंय," महांतेश पुटपुटला.

"कोणी?"

महांतेशने पडद्याकडे बोट दाखवलं. हयवदनने पाहिलं आणि तो एक पाऊल मागे सरकला. चित्राच्या मधोमध कोणीतरी उभं होतं. काळं, धूसर, केस मोकळे सोडल्यासारखं. त्याने कॅमेरा डावीकडे वळवला. ती डावीकडे आली. उजवीकडे वळवला. तिथेही तीच! कॅमेरा सरळ वर आभाळाकडे केला, तर ती आभाळात उभी!

"खाली घ्या! खाली घ्या ओ!"

हयवदनने खाली घेतलं. ड्रोन दोघांच्या डोक्याएवढ्या उंचीवर आला आणि तिथेच लटकला. पडदा म्हणाला: खाली उतरण्यास योग्य जमीन नाही. आता सपाट सिमेंटच्या फरशीवर आणखी योग्य जमीन कुठून आणायची? यंत्र घूं घूं करत दोघांच्या तोंडाकडे बघत राहिलं. महांतेशने धावत जाऊन आपल्या मोटरसायकलला कालच्या पूजेत बांधलेलं लिंबू तोडलं आणि ड्रोनभोवती ओवाळायला सुरुवात केली. ड्रोन लिंबाला घाबरून हयवदनकडे आला. हयवदन महांतेशच्या मागे लपला. बॅटरी संपत आली होती, घड्याळात दहा वाजले होते, आणि सहा महिन्यांची स्वप्नं एका लिंबाभोवती गोल गोल फिरत होती. त्याला अक्षरशः रडू आलं. सोमवारपासून पुन्हा ते ऑफिस, तोच थंड हॉल, तीच खुर्ची!

शेवटी त्याने डोळे मिटले, 'आई गं!' म्हणून उडी मारली आणि यंत्र पोटाखालून धरून बंद केलं.

हात बघतो तो काळे कुळकुळीत!

"बघा! काळं केलं तिनं!" महांतेश ओरडला.

हयवदनने हात नाकाशी नेला. एरंडेल. कापूर. हा वास त्याने लहानपणी रोज सकाळी घेतला होता. त्याने घरी फोन लावला.

"आई, काल पूजेत ड्रोनला काय केलंस?"

"काय म्हणजे? हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, काजळ घातलं."

"का... काजळ?"

"मग! सात डोळ्यांचं लेकरू, पहिल्यांदा परगावी निघालेलं. दृष्ट नको लागायला? सातही डोळ्यांत घातलं हो, एकही सोडला नाही. मोठ्या डोळ्यात स्वल्प जास्तच. का रे, उतरलं का?"

हयवदन फरशीवर बसकण मारून हसत सुटला. मग यादीतल्या सोळाव्या मुद्द्यावर नजर गेली: 'सर्व भिंगे स्वच्छ.' टिक केलेली, दोन दिवस आधी. हसू जरा आवरलं.

स्पिरिटने त्याने सातही डोळे पुसले, दुसरी बॅटरी घातली, आणि विहिरीभोवती स्वतः एक फेरी मारून आला. चिटपाखरू नव्हतं. महांतेशकडून तसं कागदावर लिहूनही घेतलं. या वेळी ड्रोन शहाण्या मुलासारखा उडाला, ठरल्या वाटेने विहिरीवरून तीनदा गेला, आपोआप फोटो काढत. पडद्याकडे मात्र हयवदनने एकदाही पाहिलं नाही. यंत्रावरून नजर हटवू नये असा नियमच आहे, असं त्याने महांतेशला समजावून सांगितलं.

"काजळ होतं म्हणे! निव्वळ काजळ!" निघताना त्याने महांतेशच्या पाठीवर थाप मारली.

"असंल," महांतेश म्हणाला. "पण त्या आधीच्या दोघांच्या आया कुठं काजळ घालत्यात?"

घरी पोचायला साडेअकरा झाले. फोटो संगणकावर चढले. एकदम स्वच्छ, आरशासारखे. अनुसूयाबाई आपट्याची पानं हातात घेऊन मागे उभ्या राहिल्या.

"किती छान दिसतं रे वरून! आणि ही विहिरीपाशी कोण उभी आहे?"

हयवदनने माउस सोडून दिला. मग त्याला आठवलं. "आई, चष्मा पूस! सकाळी पुन्हा काजळ धरलंस ना? काचेला लागलं असेल!"

"अगोबाई, हो की." त्यांनी पदराने चष्मा पुसला. पदराला काळा डाग पडला. "आता बघ कसं लख्ख..." त्या वाकल्या, निरखून पाहिलं. "हां. हिरवी साडी आहे. केस धुतलेत वाटतं, मोकळे सोडलेत. बिचारी वर आपल्याकडेच बघतेय रे."

हयवदनने फोटो मोठा केला नाही. मान वळवून पाहिलंही नाही. थेट फॉर्म उघडला आणि भराभर भरत शेवटच्या प्रश्नावर आला: 'उड्डाणक्षेत्रात कामाशी संबंध नसलेली व्यक्ती होती का?'

खाली दोनच चौकोन. हो. नाही.

'हो' म्हटलं तर सोमवारी ऑफिस. 'नाही' म्हटलं तर मग ती कोण?

बाराला पाच मिनिटं असताना रम्याचा फोन आला. "सर, झालं ना? 'नाही'च आहे ना?"

"मॅडम," महादेवपुऱ्यात नियमाने ड्रोन उडवणारा एकमेव माणूस घसा खाकरून म्हणाला, "नियमाचंच विचारतो हो. तुमच्याकडे 'व्यक्ती' म्हणजे, जिवंतच धरता ना?"



"हिरवी साडी का, सर?" रम्याने विचारलं.