रघुअण्णांच्या नाटकात कुणी मरत नाही

आमच्या रघुअण्णांच्या नाटकात कुणी मरत नाही. लेखकानं पात्राला कितीही जीव तोडून मारलेलं असो, अण्णा त्याला उठवून बसवतात. एका नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी नवरा विष घेतो. आमच्या प्रयोगात त्याला दोन उलट्या झाल्या आणि पुढचा सबंध अंक तो सोफ्यावर बसून मऊ भात खात होता. बोलायला एक वाक्य नाही, कारण लेखकाच्या हिशेबानं तो केव्हाच गेला होता.

अण्णा आमच्या हौशी मंडळाचे दिग्दर्शक, मूळचे थेरगावचे. शेतात बिल्डिंग उभी राहिली, भाडी येऊ लागली, तरी चाकणच्या कारखान्यातली इन्स्पेक्टरची नोकरी त्यांनी निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. तिथून येताना एक वाक्य तेवढं घेऊन आले. "आपल्यात स्क्रॅप न्हाई. रीवर्क करायचं." बिघडलेला पार्ट भंगारात टाकायचा नाही, दुरुस्त करून घ्यायचा. नाटकातली माणसंही त्यांच्या हाती पार्टच झाली.

तालीम अण्णांच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, दर गुरुवारी, कारण आमच्या बहुतेक नटांच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची. तिथं अण्णांचा दुसरा जाच. "आवाज वर फेक! वर!" आम्ही सगळे माना वर करून संसाराची भांडणं भांडायचो. एका स्पर्धेत परीक्षकांनी विचारलं, तुमचे नट छताशी का बोलतात? त्या थिएटरला बाल्कनीसुद्धा नव्हती. "आमची श्टाइल हाय ती," अण्णा म्हणाले. बक्षीस अर्थातच मिळालं नाही.

यंदाच्या हंगामाला तीन नवी नाटकं ठरली, तिन्ही आजच्या काळातली. पहिल्या दोन्हींतली मरणं अण्णांनी मुकाट्यानं रीवर्क केली. तिसरं आमच्या प्रज्ञानं लिहिलेलं. ती कॉम्प्युटर कंपनीत काम करते आणि मोजकंच बोलते. चऱ्होलीतल्या नव्या फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळलेली आई, तिला कुणी सांभाळायचं यावर मुलांची जुंपलेली, आणि ती भांडत असतानाच आई आतल्या खोलीत मरते. मी त्यातला थोरला मुलगा. वाचन संपलं. अण्णांनी चष्मा पुसला.

"म्हातारी उठती आन् च्या मागती. बाकी नाटक झकास."

"शेवट बदलला तर मी नाटक देणार नाही," प्रज्ञा म्हणाली.

पोस्टर छापून आलं होतं, थिएटर ठरलं होतं. तिसरं नाटक गेलं तर हंगाम लंगडा पडणार. अण्णांची समजूत घालायला मला वर पाठवण्यात आलं, कारण सगळ्यांत जुना मीच.

अण्णांची बायको, म्हणजे आमच्या काकी, आजारी, म्हणून त्यांच्या घरी आमच्यापैकी कुणी जात नसे. मी पहिल्यांदाच गेलो. काकी खिडकीशी कॉटवर पडून होत्या. अर्धांगवायूनं एक बाजू गेलेली, वाचा गेलेली. अण्णा त्यांना चमच्यानं वरणभात भरवत होते. खिडकी सताड उघडी होती, आणि खालून प्रज्ञाचा आवाज आला, "हे काय समजावणार? जाऊन मान डोलावतील!" शब्दन् शब्द. काकींचे डोळे माझ्याकडे बघून हसले.

मी स्टूल ओढून बसलो.

"तिला समदं कळतं," भात कालवत अण्णा म्हणाले. "गुरुवारची वाट बघती." मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात, "त्या म्हातारीचं मरान हितं पडल्या पडल्या ऐकायचं व्हय तिनं?"

मरणं टाळायची ही खोड काकी पडल्यापासूनची. एवढ्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

खाली येऊन प्रज्ञाला बाजूला घेतलं आणि सांगितलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"उठू दे आईला," ती म्हणाली. "चहात आलं घालायचं का, विचारा अण्णांना."

मग दर गुरुवारी आमची आई ठणठणीत आवाजात आल्याचा चहा मागू लागली. नाटकाचं पार वाटोळं झालं होतं, पण तक्रार कुणी केली नाही.

प्रयोग तोंडावर आला आणि काकी गेल्या. तालमी थांबल्या. हंगाम बुडाला असं मी धरूनच चाललो होतो, पण दिवसकार्य झाल्यावर अण्णांनीच निरोप धाडला. गेलो तर त्यांनी पार्किंग स्वतः झाडून ठेवलं होतं. वरची खिडकी बंद होती.

"चहापासून घेऊ का, अण्णा?" प्रज्ञानं विचारलं.

"नगं. तू लिव्हला हुता त्योच शेवट घे."

रीवर्कचं काय, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. मी जागेवर उभा राहिलो. आतल्या खोलीतून बाहेर यायचं आणि भावंडांना सांगायचं, "आई गेली." इतक्या वर्षांची सवय. मान आपोआप वर गेली आणि मी आवाज फेकला.

अण्णा खुर्चीतून उठले. माझ्याजवळ येऊन त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"म्होरं बघून बोल, राव," ते म्हणाले. "आता येवढ्या मोठ्यांदा नगं."